मामा वेगळा, काका वेगळा

मागच्या महिन्यात पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. सोलापूरचं लग्न कसं असतं तुम्हाला माहितीच आहे. पत्रिका मराठीत, गप्पा तेलुगूत आणि आमच्या टेबलावर शेजारी बसलेल्या आजी कानडीत विचारणार, जेवलीस का म्हणून. टेबलावर आम्ही चौघी. एकीने सहज सांगितलं, नवरा मुलगा नवरीचा मामाच लागतो. लांबचा नाही, आईचा सख्खा भाऊ. तिच्या घरात यात नवल काहीच नव्हतं. दुसरी म्हणाली, आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं, उलट मामाचा तेवढा मान असतो, पण आत्याच्या मुलीशी नाही. तिसरी उत्तर प्रदेशातून इथं शिकायला आलेली. तिचा घास हातातच राहिला. तिच्या गावी मामाची मुलगी म्हणजे बहीण, आणि विषय तिथंच संपला.

एक टेबल, तीन नियम. आणि तिघींनाही आपापला नियम निसर्गानेच केलाय असं वाटत होतं.

हे सगळं एका बाईने सत्तर वर्षांपूर्वी नीट मांडून ठेवलंय, हे मला त्या दिवशी आठवलं. तुम्हीही तिला ओळखता. ‘युगान्त’वाली. बारावीत, नाहीतर एखाद्या वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत तुम्ही तिचं नाव घेतलेलं असणार. पण ‘युगान्त’ लिहिण्याच्या कितीतरी आधी तिने जे केलं, ते आपल्यातल्या फार कमी जणांना ठाऊक असतं. वंश, रक्त, जात, ‘खाण तशी माती’ असले शब्द आजही आपल्या घरात सर्रास वापरले जातात. याच शब्दांशी ती आयुष्यभर झगडत होती. म्हणून आज इरावती कर्वे.

नदीचं नाव असलेली मुलगी

१५ डिसेंबर १९०५. जन्मगाव ब्रह्मदेशातलं म्यिंज्यान. वडील गणेश हरी करमरकर तिथं एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. ब्रह्मदेशातून वाहणारी मोठी नदी इरावती, तिचंच नाव मुलीला दिलं. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेच्या वसतिगृहात. विचार करा, सात वर्षांची पोर, आणि आईवडील समुद्रापार.

तिथं तिला एक मैत्रीण भेटली, शकुंतला परांजपे. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. परांजपेबाईंना ही मुलगी इतकी आवडली की त्यांनी तिला घरी आणलं आणि आपल्या लेकीसारखं वाढवलं. म्हणजे इरावतीला दोन घरं मिळाली. एक रक्ताचं आणि एक मायेचं. दुसऱ्या घरात पुस्तकांचा ढीग, देवाधर्मावर बिनधास्त वाद, आणि मुलगी आहे म्हणून कोणी गप्प बसवणार नाही असं वातावरण. नात्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईचं स्वतःचं बालपण असं होतं, हे लक्षात ठेवा. घर फक्त जन्माने बनत नाही, हे तिला पुस्तक उघडण्याआधीच कळलेलं होतं.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ मध्ये एम.ए. अभ्यासाचा विषय होता स्वतःचीच जात, चित्पावन ब्राह्मण. आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्याच्या जातीबद्दल भरभरून बोलतात. हिने सुरुवात आपल्यापासून केली.

याच काळात तिचं लग्न झालं. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे! विधवांच्या आणि बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस. आता तुम्हाला वाटेल, अशा घरात सून परदेशी शिकायला निघाली तर पेढे वाटले असतील. तसं झालं नाही. सासऱ्यांचा तिच्या जर्मनीला जायला विरोध होता. माणसं अशी गुंतागुंतीची असतात. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. तो स्वतः जर्मनीत शिकून आलेला होता. पैशांसाठी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये इरावती बर्लिनला पोहोचली.

तेव्हा तिचं वय होतं बावीस. हे लिहिताना माझंही बावीसच आहे, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच टोचतो.

१४९ कवट्या

बर्लिनच्या डाहलेम भागात एक नवी कोरी संस्था उघडली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि ‘सुप्रजनन’ यांचा अभ्यास करणारी कैसर विल्हेल्म संस्था. १९२७ मध्ये सुरू झालेली. सुप्रजनन हा शब्द कानाला किती गोड लागतो ना? अर्थ मात्र भयंकर होता. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत, हे ‘रक्ताची प्रत’ बघून ठरवायचं.

संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. १९०८ मध्ये त्यांनी जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, गोऱ्या पुरुषांच्या आणि स्थानिक बायकांच्या संततीची मापं घेतली होती आणि वंशांची सरमिसळ वाईट असा निष्कर्ष काढला होता. आनुवंशिकतेवरचं त्यांचं आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं पुस्तक नाझींनी पुढे डोक्यावर घेतलं. हेच फिशर इरावतीचे पीएच.डी.चे मार्गदर्शक.

तिला दिलेला विषय होता माणसाच्या कवटीची असमानता. आपली कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते, थोडा फरक असतोच. फिशरांचा अंदाज असा की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत हा फरक जास्त असणार, त्यांच्या मेंदूची उजवी बाजू पुढून मोठी असणार, आणि म्हणून ते जास्त तर्कशुद्ध. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. फक्त कोणीतरी मापं घेऊन आणायची.

इरावतीने मापं घेतली. युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या माणसांच्या, वसाहतींमधून उचलून आणलेल्या कवट्यासुद्धा त्यात होत्या. एकूण १४९. प्रत्येक कवटी हातात घ्यायची, टेप आणि कंपास लावायचा, आकडा लिहायचा. आणि आकड्यांनी सांगितलं की असमानता सगळ्यांच्यात आहे, तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

आता स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा. परका देश, डोक्यावर कर्ज, सासऱ्यांचा विरोध पत्करून आलेली. समोर असा गाइड, ज्याचं नाव साऱ्या युरोपात गाजतंय. आपल्याकडे प्रोजेक्टमध्ये ‘सरांना काय आवडेल’ हे बघून निष्कर्ष लिहिणारे किती जण आहेत? मी लिहिलेत, कबूल करते. तिने नाही लिहिले. प्रबंधात जे दिसलं तेच मांडलं. १९३० मध्ये पदवी मिळाली. गुण मात्र मार्गदर्शकांनी हात राखूनच दिले.

पुढचं तुम्ही इतिहासात शिकलाय. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी ‘अयोग्य’ ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा आला आणि फिशरांच्या संस्थेने त्याला शास्त्राचा आधार पुरवला. ज्या टेबलावर इरावतीने कवट्या मोजल्या, त्याच टेबलावरून माणसांच्या जगण्या-मरण्याचे निर्णय निघायला लागले. तोवर ती पुण्यात परत आली होती.

स्कूटर, टेप आणि नात्यांची नावं

आतापर्यंत मी एकेरीत लिहिलं, कारण ती आपल्याच वयाची होती. आता इरावतीबाई म्हणते.

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केलं. पण फायलींमध्ये जीव रमेना. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि पुढची सगळी कारकीर्द तिथंच केली. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणजला जाऊन अश्मयुगातले मानवी सांगाडे अभ्यासले. १९४७ मध्ये दिल्लीच्या सायन्स काँग्रेसमध्ये मानववंशशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या. पुण्यातल्या पेठांमध्ये मात्र लोकांना त्या दुसऱ्याच गोष्टींसाठी लक्षात राहिल्या. कुंकू लावत नसत, नवऱ्याला चारचौघांत ‘दिनू’ म्हणून हाक मारत आणि स्कूटर चालवत. हो, तेव्हाच्या पुण्यात! आज तुमची आई ॲक्टिव्हावर सात रस्त्याला सिग्नलवर थांबते ना, त्या गोष्टीच्या सुरुवातीला अशा थोड्याच बाया होत्या.

पण खरं काम चालायचं ते गावोगाव फिरून. कधी बैलगाडी, कधी एसटी, कधी पायी. सोबत मोजमापाचं साहित्य. डोक्यांची, नाकांची मापं, नंतर रक्तगट. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक साधी वही. त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून उत्तरं लिहिलेली असायची. तुम्ही कोणाला काय म्हणता?

आईच्या भावाला काय म्हणता? वडिलांच्या बहिणीच्या नवऱ्याला? नणंदेच्या मुलाला? ऐकायला अगदी हळदीकुंकवातल्या गप्पा. पण इरावतीबाईंच्या लक्षात आलं की नात्यांची नावं म्हणजे समाजाचा नकाशा आहे. इंग्रजीत मामा, काका, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा सगळे ‘अंकल’. आपल्याला हे चालतच नाही. मामा वेगळा, काका वेगळा. कारण आईकडचं आणि वडिलांकडचं यांच्याशी वागण्याचे आपले नियम वेगळे आहेत.

संस्कृत ग्रंथांपासून आजच्या बोलींपर्यंत हे शब्द गोळा करून त्यांनी १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. त्यात भारताचे चार पट्टे पाडले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न करायचं ते नात्याबाहेर, गावाबाहेर. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, काही ठिकाणी सख्खी भाचीसुद्धा चालते, म्हणजे लग्नाने जुनंच नातं घट्ट करायचं. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. इथं बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची टाळतात. आता ते लग्नातलं टेबल आठवा. चार पट्ट्यांपैकी तीन आमच्या ताटाशी बसले होते. सोलापूर हे त्या नकाशातलं अगदी शिवणीवरचं गाव आहे.

जातीबद्दलही त्यांनी असाच खोलात हात घातला. जात म्हणजे आपापसांतच लग्नं करत आलेल्या नातेवाइकांचा एक मोठा गोतावळा, असं त्या म्हणत. एकच वरची जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या ही समजूत त्यांना मान्य नव्हती. १९६८ मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ गटांची शरीरशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक म्हणून रक्त एक, असं मानू नका, हाच त्यांचा मुद्दा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोकी आणि नाकं मोजायची पद्धत त्या बर्लिनहून घेऊन आल्या होत्या, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत पूर्ण सोडली नाही. आजचे अभ्यासक यावर टीका करतात, आणि ती रास्त आहे. फिशरांचं उत्तर त्यांनी नाकारलं, पण त्यांची टेप जवळ ठेवली. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे कोपरे असतात. ते झाकले तर चरित्राची आरती होते.

पेशीतसुद्धा दोन बाजू

आता थोडं सायन्स. आर्ट्सवाल्यांनो, पान उलटू नका, गोष्ट नात्यांचीच आहे.

इरावतीबाईंचं नात्यांवरचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९५३ मध्ये, डीएनएची रचना उलगडली. आपल्या शरीरात जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सारख्याच कामाच्या, कोणती कुठून आली याने फरक पडत नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. म्हणजे पेशीच्या भाषेत सगळे ‘अंकल’.

१९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी हे मोडलं. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनी असे गर्भ तयार केले की दोन्ही प्रती आईकडच्याच, किंवा दोन्ही वडिलांकडच्याच. संख्या बरोबर होती, तरी गर्भ वाढलेच नाहीत. म्हणजे काही जनुकांना माहीत असतं की आपण कोणाकडून आलो.

अशा जनुकांवर एक रासायनिक ठसा असतो. झेरॉक्सच्या दोन प्रती घ्या. मजकूर तोच, पण एकीवर शिक्का आहे, ‘ही वाचू नका’. माणसात अशी ठसेवाली जनुकं शंभरच्या आसपास आहेत.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं आयजीएफ-२. राहतं अकराव्या गुणसूत्रावर. त्याच्यापासून बनणारं प्रथिन छोटंसं, ६७ अमिनो आम्लांची साखळी, दिसायला इन्सुलिनचं भावंडं. पोटातल्या बाळाला ते एकच निरोप देतं, वाढ. हे जनुक बहुतेक ठिकाणी फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरून वाचलं जातं, आईकडची प्रत गप्प असते. शेजारीच एच-१९ नावाचं दुसरं जनुक आहे, तिथं बरोबर उलटं. आईकडची प्रत बोलते, वडिलांकडची गप्प.

हे घडतं कसं? दोन्ही जनुकांच्या मध्ये डीएनएचा एक तुकडा आहे. आईकडच्या प्रतीत तो मोकळा असतो, त्यावर एक प्रथिन येऊन बसतं आणि भिंतीसारखं आड येतं. त्यामुळे आयजीएफ-२ सुरू करणारा इशारा तिथवर पोहोचतच नाही. वडिलांकडच्या प्रतीत त्याच तुकड्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. ते प्रथिन तिथं बसू शकत नाही, भिंत उभी राहत नाही, आणि जनुक सुरू होतं.

खरी गंमत पुढे आहे. हा ठसा कायमचा नसतो. समजा तुम्ही मुलगी आहात. बाबांकडून आलेल्या प्रतीवर ‘बाबांची’ असा ठसा आहे. पण तीच प्रत तुम्ही तुमच्या बाळाला देणार असाल, तर बीजपेशी तयार होताना जुना ठसा पुसला जातो आणि नवा लागतो, ‘आईची’. ओळखीचं वाटतंय? एकच माणूस बहिणीच्या मुलांचा मामा असतो आणि भावाच्या मुलांचा काका. माणूस तोच, ठसा नात्याप्रमाणे बदलतो.

ठसा चुकला तर त्याची किंमत मोठी असते. आयजीएफ-२ गरजेपेक्षा जास्त बोललं, तर बेकविथ-वीडमन सिंड्रोम होऊ शकतो. बाळ जन्मतःच आकाराने मोठं, जीभ मोठी, आणि काही गाठींचा धोका असल्याने वारंवार तपासणी करावी लागते. पंधराव्या गुणसूत्राचं उदाहरण तर अंगावर येतं. त्यावरचा एक ठरावीक तुकडा वडिलांकडच्या प्रतीत नसेल तर प्रॅडर-विली सिंड्रोम. बाळ आधी मलूल, पुढे भूक कधी शमतच नाही. तोच तुकडा आईकडच्या प्रतीत नसेल तर अँजलमन सिंड्रोम. बोलणं फारसं येत नाही, फिट्स येतात, चेहरा मात्र हसरा. हरवलेला तुकडा तोच, पण बाजू वेगळी म्हणून आजार वेगळा.

निसर्गाने हा खटाटोप का केला असेल? डेव्हिड हेग या जीवशास्त्रज्ञाने एक स्पष्टीकरण दिलं. वडिलांकडच्या जनुकांना हे एक बाळ भरपूर वाढलं तर फायदा. आईला मात्र आपली ताकद सगळ्या लेकरांत वाटायची असते, म्हणून तिच्याकडची जनुकं हात आखडता घेतात. दोघांच्या रस्सीखेचीत बाळाची वाढ बेतात राहते. या सिद्धांताचं नावच नातेसंबंधांचा सिद्धांत! इरावतीबाई हे ऐकायला नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या, त्यानंतर चौदा वर्षांनी उंदरांचे ते प्रयोग झाले. त्यांनी हे आधीच ओळखलं होतं वगैरे मी म्हणणार नाही. त्या माणसांची नाती अभ्यासत होत्या, पेशींची नाही. पण त्यांच्या वहीतला प्रश्न आणि प्रयोगशाळेतला प्रश्न एकच निघाला. कोणाकडून?

फरक म्हणजे पायरी नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. आईची प्रत आणि वडिलांची प्रत यांत फरक आहे. पण त्यात वरची कोणती, खालची कोणती? असा प्रश्नच चुकीचा. एक नसली तर बाळच नाही. फरक असणं आणि दर्जा असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बर्लिनमध्ये याच दोन गोष्टींची मुद्दाम गल्लत केली जात होती आणि बावीस-चोवीस वर्षांच्या एका मुलीने ती करायला नकार दिला.

आणि बघा, धागा कुठं येऊन जुळतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, हजारो मेले. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांची लायडनच्या शास्त्रज्ञांनी साठ वर्षांनी तपासणी केली आणि २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. त्यांच्या आयजीएफ-२ वरचे मिथाइल गट त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होते. वंश म्हणजे न बदलणारं रक्त, असं सांगणाऱ्या राजवटीने लादलेल्या भुकेची खूण वंशाच्याच पानावर उमटली. आईच्या ताटात काय होतं, याचीही नोंद पेशी ठेवते. मग ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, याचा जरा विचार करा.

पंढरीची वाट

इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, नाती लिहिली, कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं सर्वेक्षण केलं, ‘युगान्त’मध्ये कुंती, द्रौपदी, कर्ण यांना देवत्वाच्या मखरातून काढून माणसांत बसवलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्या सगळ्यात जवळच्या वाटतात त्या आपल्या जिल्ह्याच्या वाटेवर.

ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत आल्या. त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. वाखरीच्या रिंगणापाशी तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर ती धूळ, तो टाळ-मृदंग तुम्हाला माहीत आहे. त्या ब्राह्मण बायकांच्या दिंडीत होत्या. पाठोपाठ मराठ्यांची दिंडी. अभंग तेच, विठ्ठल तोच, चालण्याचा वेग तोच. जेवायची वेळ झाली की मात्र चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. जगभर फिरलेल्या, माणसांतले फरक मोजण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईला ते सहन होईना. ज्यांच्याबरोबर चाललो त्यांच्यापासून जेवताना तुटल्याचं दुःख त्यांनी लिहून ठेवलंय. आणि त्याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवी ओळख सापडली. ती त्यांना मापाच्या तक्त्यात मिळाली नव्हती, पंढरीकडे चालणाऱ्या माणसांत मिळाली.

आता तुमची पाळी

इरावतीबाईंची एक पद्धत तुम्ही आज रात्री करून बघू शकता. वहीचं मधलं पान फाडा. खाली स्वतःचं नाव लिहा. वर आई, बाबा. मग त्यांचे आईवडील. मग त्यांचे. शब्द लिहू नका, नावं लिहा.

मी केलं. बाबांकडची बाजू पाच पिढ्या वर गेली, कारण ती एका जुन्या पोथीच्या मागे लिहिलेलीच होती. सगळे पुरुष. आईकडे मी तिसऱ्या पायरीवर अडले. आजीच्या आईचं नाव आईला आठवेना. आजीला फोन लावला. आजीला माहेरचं नाव आठवलं, मग थोडी गप्प राहिली आणि म्हणाली की लहानपणी आम्ही तिला नुसतं ‘आई’ म्हणायचो, नाव लग्नानंतर बदललेलं, आधीचं काय होतं कोणास ठाऊक.

वंशावळीत तिला जागा मिळाली नाही. माझ्या कागदावर त्या चौकटीत मी सध्या एक प्रश्नचिन्ह ठेवलंय. या रविवारी आजीकडे जाणार आहे. तिच्या मोठ्या बहिणीला कदाचित माहीत असेल.

तुमच्या कागदावर कुठली चौकट रिकामी राहिली?